दहा सेकंदांचा ‘आ’ आणि न ऐकलेले बोलणे

फोन तोंडाजवळ धरायचा, दीर्घ श्वास घ्यायचा आणि दहा सेकंद ‘आ’ म्हणत राहायचे. शब्द नको, वाक्य नको, नुसता स्वर. मार्च २०१५ मध्ये अमेरिकेतील सेज बायोनेटवर्क्स ह्या संशोधनसंस्थेने ॲपलच्या ‘रिसर्चकिट’च्या आधाराने ‘एमपॉवर’ नावाचा अभ्यास सुरू केला. कंपवाताच्या, म्हणजे पार्किन्सन्सच्या, रुग्णांनी घरबसल्या करावयाच्या कामांत हे एक काम होते. दिवसातून तीनदापर्यंत करायचे: औषध घेण्यापूर्वी, औषध घेतल्यावर आणि आणखी एकदा केव्हातरी. सोबत प्रश्नावल्याही होत्या, नाही असे नाही. पण प्रश्नावलीत खुणा करायच्या असतात, बोलायचे नसते. बोलण्याचे इंद्रिय वापरायचे ते ‘आ’साठी, आणि सांगायचे ते बोटाने.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत ह्या ‘आ’चा मोठा व्यापार उभा राहिला आहे. कंपवात, हृदयविकार, दमा, नैराश्य, द्विध्रुवी विकार असे जे जे आयुष्यभर सोबत राहते, त्याच्यावर आवाजाच्या नमुन्यावरून दुरून नजर ठेवता येईल, असे सांगितले जाते. त्या नमुन्याला ‘व्हॉइस बायोमार्कर’ असे भारदस्त नाव आहे. जाहिरातीत आणि वर्तमानपत्री लेखांत मात्र भाषा निराळी, मऊ असते: यंत्र तुमचे ‘ऐकते’, तुमचा आवाज तुमच्या आजाराबद्दल ‘बोलतो’. मोजमाप होऊ नये असे आमचे म्हणणे नाही. ह्या मोजमापाला ‘ऐकणे’ म्हणू नये आणि ऐकण्याच्या जागी त्याला बसवू नये, इतकेच आमचे म्हणणे आहे, आणि ते आम्ही भांडून मांडणार आहोत.

हा वैद्यकाचा विषय, साहित्याच्या विद्यार्थ्यांनी त्यात कशाला तोंड घालावे, असे कोणी विचारील. लक्षण, ध्वनी, स्वर, वक्ता, कथन ही सारी आमच्या घरची भांडी आहेत. शेजाऱ्याने ती मागून नेली ह्याबद्दल तक्रार नाही. ती कोणत्या स्थितीत परत येतात हे पाहणे मात्र आमचेच काम, आणि मराठी विभागांतून त्याबद्दल चकार शब्द निघत नाही ह्याचे आम्हांस नवल वाटते.

आधी जे खरे आहे ते मान्य करू. कंपवाताने आवाज बदलतो ह्यात शंका नाही. तो खाली जातो, एकसुरी होतो, उच्चारांच्या कडा झिजतात. पुष्कळदा रुग्णाला स्वतःला ते जाणवत नाही, घरची माणसे ‘जरा मोठ्याने बोला’ म्हणू लागतात तेव्हा कळते. जेम्स पार्किन्सनने १८१७ साली लंडनमध्ये ह्या आजारावरचा आपला निबंध प्रसिद्ध केला, तेव्हाही बोलण्यातली अडचण त्याच्या नजरेतून सुटली नव्हती. त्या निबंधात रुग्ण अवघे सहा. त्यांतले काही त्याला रस्त्यात सहज भेटलेले, एकाला तर त्याने लांबूनच पाहिलेले. दूरस्थ निरीक्षण ही काही कालपरवाची गोष्ट नव्हे. मात्र रस्त्यात गाठ पडलेल्यांची पार्किन्सनने विचारपूस केली आणि त्यांनी सांगितलेली हकीकत निबंधात लिहिली, एवढा तपशील आजच्या उत्साही मंडळींनी ध्यानात ठेवावा.

आता आधुनिक प्रयोगाकडे. ॲथनासिओस त्सानास, मॅक्स लिटल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९-१० च्या सुमारास जे काम प्रसिद्ध केले, ते ह्या क्षेत्राचा पाया समजले जाते. कंपवाताच्या आरंभीच्या अवस्थेतील ४२ रुग्ण, सहा महिन्यांचा काळ, घरी ठेवलेले यंत्र आणि त्यातून मिळालेली ५,८७५ ध्वनिमुद्रणे. स्वराच्या कंपनांतील बारीक अनियमितता, त्याच्या जोरातील चढउतार, सुरात मिसळलेल्या गोंगाटाचे प्रमाण ह्यांची गणिते मांडून त्यांनी आजाराच्या तीव्रतेचा अंदाज काढला. डॉक्टर ज्या मापपट्टीवर गुण देतात तिला यूपीडीआरएस म्हणतात. एकूण गुण शून्यापासून १७६ पर्यंत. यंत्राचा अंदाज डॉक्टरांच्या अंदाजापासून सुमारे साडेसात गुणांनी ढळत होता. कौतुक करावे असेच हे काम आहे.

पण बारकाईने वाचण्याची सवय आमच्या धंद्याने लावली आहे, म्हणून एक प्रश्न. ह्या ४२ जणांना डॉक्टरांनी प्रत्यक्ष तपासले ते तीनदा: आरंभी, तीन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी. ध्वनिमुद्रण तर दर आठवड्याला होत होते. मग मधल्या आठवड्यांतील ‘डॉक्टरांचे गुण’ आले कोठून? दोन तपासण्यांच्या मध्ये सरळ रेघ ओढून. रुग्ण पहिल्या महिन्यात कसा होता, दुसऱ्यात त्याला काय झाले, हे कोणी पाहिले नाही. रेघेवरचा बिंदू घेतला आणि तेच सत्य मानून यंत्राला शिकवले. आदि, मध्य आणि अंत असलेल्या कथानकाचा मध्य फूटपट्टीने भरला. संशोधकांनी ही गोष्ट लपवलेली नाही, निबंधात ती स्वच्छ नोंदवली आहे. दोष आहे तो त्यानंतर हाच आकडेसंच आयता उचलून त्यावर प्रबंधांचे इमले रचणाऱ्यांचा. आणि आणखी एक: ह्या सहा महिन्यांत हे रुग्ण कंपवाताच्या औषधावर नव्हते. औषध घेणाऱ्या, म्हणजे प्रत्यक्षातल्या बहुसंख्य रुग्णांच्या चढउतारांवर नजर ठेवण्याचे आश्वासन ज्या पायावर दिले जाते, त्या पायात औषधच नाही.

दुसरी गोष्ट अधिक गमतीची आणि अधिक गंभीर. यंत्राला शिकवायचे तर ध्वनिमुद्रणांचे दोन ढीग करतात: एक शिकण्यासाठी, दुसरा परीक्षेसाठी. एकाच माणसाची मुद्रणे दोन्ही ढिगांत गेली, तर काय होईल? यंत्र आजार ओळखणार नाही, माणूस ओळखील. हा अमक्याचा आवाज, अमक्याला आजार आहे हे मला आधीच सांगितले होते, म्हणून हा आजारी. परीक्षेत गुण भरघोस. सोहराब साएब, कॉनराड कोर्डिंग आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली ‘गिगासायन्स’मध्ये दाखवून दिले, की फोन व अंगावरील संवेदकांच्या साहाय्याने रोगाचा अंदाज करणाऱ्या, त्यांनी तपासलेल्या अभ्यासांपैकी जवळजवळ निम्म्यांत हा घोटाळा होता. २०१९ मध्ये एमपॉवर चालवणाऱ्या संस्थेतल्याच एलियास चायबुब नेटो ह्यांच्या गटाने हा दोष मोजण्याची रीत प्रसिद्ध केली. आवाज ओळखीचा वाटला म्हणजे बोलणे कळले, असा गैरसमज आम्ही साहित्यवाले लेखकाच्या ‘शैली’बद्दल नेहमी करतो, यंत्रेही आमच्याच वर्गात बसली होती म्हणायची.

मुंबईकराला ह्या विद्येची ओळख झाली ती २०२० च्या ऑगस्टमध्ये. गोरेगावच्या नेस्को केंद्रात आवाजाच्या नमुन्यावरून कोविड ओळखण्याचा प्रयोग महापालिकेने जाहीर केला. कोविड हा दीर्घ आजार नव्हे, म्हणून त्यात फार रमण्याचे कारण नाही. पण ब्रिटनमध्ये ६७,८४२ माणसांच्या आवाजांवर झालेल्या मोठ्या अभ्यासाचा २०२४ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की वय, लिंग, लक्षणे ह्यांची नीट जुळणी केल्यावर ‘ताप आहे का, वास येतो का’ असे साधे प्रश्न विचारण्याहून आवाजाचे यंत्र अधिक काही सांगत नाही. पुन्हा तेच. विचारले असते तर कळले असते.

आता आमच्या मुद्द्याच्या गाभ्याकडे येतो. आवाजावरून आजाराची पातळी काढता येते ह्या समजामागे एक गृहीत आहे: आवाज हा शरीरातून पाझरणारा द्रव आहे, रक्तातल्या साखरेसारखा. तो आपोआप बाहेर येतो, आपण फक्त भांडे धरायचे. कंपवातानेच हे गृहीत तीनदा खोटे पाडले आहे. लेव्होडोपा घेतल्यावर हातापायांची हालचाल ज्या भरवशाने सुधारते, त्या भरवशाने बोलणे सुधारत नाही. कोणाचे सुधारते, कोणाचे नाही. मेंदूच्या खोल भागात विद्युत्अग्रे बसवण्याची जी शस्त्रक्रिया असते, तिने हाताची थरथर थांबलेली असतानाच बोलणे अधिक बिघडल्याचे वारंवार नोंदले गेले आहे. म्हणजे चहाचा कप प्रथमच न सांडता ओठांपर्यंत नेणाऱ्या माणसाबद्दल यंत्र कळवणार, प्रकृती खालावली. तिसरे उदाहरण आम्हांस सर्वांत महत्त्वाचे वाटते. ‘ली सिल्व्हरमन व्हॉइस ट्रीटमेंट’ नावाची एक वाक्-उपचारपद्धती आहे. तिचे सूत्र साधे: मोठ्याने बोला, जितके मोठे वाटते त्याहून मोठ्याने. रुग्ण महिनाभर घासून सराव करतो आणि त्याचा आवाज उठतो. आजार तिथल्या तिथे असतो, मेंदूतल्या पेशी परत येत नाहीत. आवाज येतो, कारण आवाज ही माणसाने केलेली कृती आहे. तो घाम नव्हे. त्यात इच्छा आहे, सराव आहे, समोर कोण आहे ह्याचा अंदाज आहे.

सगळे प्रयोग सारखे नसतात, हेही म्हटले पाहिजे. २०२२ साली इस्राएलमधून हृदयविकाराच्या ४० रुग्णांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. रुग्णालयात दाखल होताना फुफ्फुसांत पाणी साठलेले असते तेव्हा, आणि ते उतरून घरी जाताना, त्याच माणसाकडून तीच ठरावीक वाक्ये वदवून घेतली आणि फरक पाहिला. इथे माणसाची तुलना त्याच्या स्वतःशीच होते, आणि काय शोधायचे आहे ते मर्यादित व ठोस आहे. असे काम आम्हांस प्रामाणिक वाटते. वजनकाट्यावर रोज उभे राहण्यासारखे ते आहे. काट्याला कोणी ‘ऐकणारा’ म्हणत नाही.

काव्यशास्त्राच्या वर्गात ‘काकू’ शिकवताना मुले हटकून हसतात. हसू ओसरले, की सांगावे लागते: आवाजाच्या ज्या वळणाने वाक्याचा अर्थ फिरतो, प्रसंगी उलटा होतो, ते वळण म्हणजे काकू. भरताने नाट्यशास्त्रात तिची चर्चा केली आहे. मम्मटाने काव्यप्रकाशाच्या तिसऱ्या उल्लासात व्यंजनेला कारण होणाऱ्या गोष्टी मोजल्या, त्यांत काकू आहेच. पण ती एकटी नाही. बोलणारा कोण, कोणाला उद्देशून बोलतो, वाक्य कोणते, जवळ तिसरे कोण उभे आहे, प्रसंग काय, स्थळ कोणते, वेळ कोणती: ह्या सगळ्यांच्या रांगेत काकू उभी आहे. नऊशे वर्षांपूर्वीच्या काश्मिरी पंडिताला हे कळत होते, की आवाजाला अर्थ येतो तो ह्या संगतीत. आजच्या यंत्राने रांगेतली एकटी काकू उचलली, बाकीच्यांना घरी पाठवले, आणि पुढे तिच्यातला शब्दही काढून घेतला. उरला ‘आ’. त्याला वक्ता आहे पण श्रोता नाही, वेळ आहे पण प्रसंग नाही.

‘छान चाललंय आमचं’ हे वाक्य घ्या. न्यू जर्सीहून मुलाचा फोन आल्यावर पुण्यातले वडील ते म्हणतात तेव्हा त्याचा एक अर्थ. पत्नी शेजारी उभी असताना डॉक्टरांना म्हणतात तेव्हा दुसरा. ती पाणी आणायला आत गेल्यावर हळू आवाजात म्हणतात तेव्हा तिसरा. हळू झालेला हा आवाज यंत्राच्या लेखी लक्षण आहे. तो संकोच असेल, बायकोला घोर नको म्हणून केलेली काळजी असेल, ह्याला यंत्राजवळ रकाना नाही. मराठीत रोगाच्या खुणेला ‘लक्षण’ म्हणतात आणि शब्दाच्या दुसऱ्या शक्तीला ‘लक्षणा’. यंत्राला लक्षण तेवढे समजते. अभिधा ते ऐकत नाही आणि व्यंजनेची त्याला वार्ता नाही. आणि ध्वनी? आनंदवर्धनाचा ध्वनी सोडाच, पण भौतिकशास्त्राचा ध्वनीही पुरता उरत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्यसंस्थेने २०२२ मध्ये आवाज आणि आजार ह्यांचा मोठा संग्रह करण्याचा प्रकल्प हाती घेतला. उत्तर अमेरिकेतील पाच केंद्रांवर जमवलेल्या ३०६ माणसांच्या १२,५२३ मुद्रणांचा पहिला भाग संशोधकांना खुला केला, तो मूळ आवाज काढून, त्यांची आलेखचित्रे देऊन. कारण आवाजावरून माणूस ओळखू येतो. खबरदारी योग्यच. पण ‘आम्ही रुग्णांचा आवाज ऐकतो’ म्हणणाऱ्या पुष्कळांनी तो कानांनी ऐकलेलाच नाही, हे ह्यातून आपोआप सिद्ध होते.

ह्यावर एक उत्तर तयार असते: ‘आ’ला भाषा नाही, म्हणून तो सर्वांना सारखा, कोणत्याही देशात चालेल. शब्द काढून टाकल्याचा हा अभिमान आम्हांला समजत नाही. आजारी माणसाजवळ जे सर्वांत नेमके असते तेच टाकून दिले जात आहे. मराठीत अंगात ‘कणकण’ असते तेव्हा ताप अजून यायचा असतो, आणि ‘फणफण’ म्हटले की येऊन चढलेला असतो. ‘ठणका’ खोल असतो, ‘ठसठस’ गळवासारखी, ‘चुरचुर’ वरची. ‘चमक’ येऊन जाते, ‘कळ’ येऊन राहते, ‘उसण’ भरते. ‘मळमळ’ पोटाची आणि ‘कळमळ’ पोटाच्या थोडी पलीकडची. ‘मुंग्या’ येतात, ‘गोळे’ येतात, ‘त्राण’ जाते. ‘जीव वरखाली होतो’ ह्यात छाती आहे, भीती आहे आणि श्वासही आहे, आणि कोणता भाग किती हे पुढचा प्रश्न विचारल्याशिवाय कळत नाही. कंपवाताचा रुग्ण ‘पाय जमिनीला चिकटतात’ म्हणतो, ‘गोळी उतरली की अंग लाकूड होतं’ म्हणतो. ह्या दोन वाक्यांत चांगल्या डॉक्टरला औषधाच्या वेळा बदलण्यापुरती माहिती आहे. दहा सेकंदांच्या ‘आ’त बद्धकोष्ठ नाही, मोडलेली झोप नाही, घास अडकण्याची धास्ती नाही, आणि चारचौघांत जायला वाटणारी लाज नाही. त्या आजारात माणसाला दिवसभर जे सोसावे लागते, त्यातला मोठा भाग हाच आहे.

काही यंत्रे ‘आ’वर थांबत नाहीत, चालते बोलणे घेतात. तिथे दुसरी पंचाईत. स्वरात हवेची सळसळ किती मिसळली आहे ते ही यंत्रे मोजतात आणि सळसळ वाढली की संशय घेतात. मराठीत ‘गोडी’ आणि ‘घोडी’, ‘बार’ आणि ‘भार’ ह्यांतला भेदच त्या सळसळीवर उभा आहे. शिवाय म्ह, न्ह, ल्ह, व्ह आहेत. इंग्रजीत ही सळसळ शब्दाचा अर्थ बदलत नाही, मराठीत बदलते. इंग्रजी बोलणाऱ्यांवर शिकवलेले यंत्र ‘म्हातारपणी भूक भागत नाही’ ह्या वाक्याला काय गुण देईल ते तपासून पाहण्यासारखे आहे. वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी सुरांचे तर नावही काढायला नको. ही कामे भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी करण्यासारखी आहेत, कोणीतरी करावीत.

‘आमच्या आयुर्वेदात हे सगळे होतेच’ म्हणणाऱ्यांसाठी इथे दोन ओळी. योगरत्नाकरातील अष्टविध परीक्षेत शब्दपरीक्षा आहे, खरे. पण तिथे वैद्य रुग्णासमोर बसलेला आहे, नाडी, जीभ, डोळे पाहतो आहे, आणि आठांतली एक परीक्षा म्हणून शब्दाकडे वळतो आहे. त्या परंपरेचे नाव फोनच्या जाहिरातीला लावणे हा दोघांचाही अपमान आहे.

आता ‘बरं आहे’ ह्या दोन शब्दांबद्दल. कसे आहात ह्या प्रश्नाला मराठी माणूस हे उत्तर देतो आणि ते बहुतेक वेळा खोटे असते. ते दोघांनाही माहीत असते. दीर्घ आजार असलेल्या माणसाला दिवसातून दहादा विचारले जाते, आणि आज आपला आजार कोणापुढे किती उघडायचा हे तो ह्या दोन शब्दांनी ठरवतो. त्याच्या हातात उरलेल्या थोड्या अधिकारांपैकी हा एक. आवाजावर नजर ठेवणारे यंत्र नेमका हाच काढून घेते. तुम्ही ‘बरं आहे’ म्हणालात, पण तुमच्या आवाजाने वेगळी जबानी दिली आहे, आणि विश्वास आवाजावर ठेवला जाईल. माणसाचा स्वतःचा कंठ त्याच्याविरुद्ध फितूर साक्षीदार होतो. मिशिगन विद्यापीठाच्या ‘प्रायॉरी’ प्रकल्पात द्विध्रुवी विकाराच्या रुग्णांचे रोजचे दूरध्वनी मुद्रित केले गेले; फक्त रुग्णाची बाजू, समोरच्याची नाही, आणि अर्थातच संमतीने. प्रकल्पाच्या हेतूवर आम्ही शंका घेत नाही. पण अर्धा संवाद ही कोणती संहिता? प्रश्न कापून टाकलेल्या उत्तरांवरून मनःस्थिती वाचणे म्हणजे नाटकातल्या एकाच पात्राची वाक्ये ओळीने लावून नाटक वाचणे. आणि आईशी, मित्राशी, सावकाराशी बोलताना आपल्या सुराची नोंद होत आहे हे ज्याला माहीत आहे, तो पूर्वीसारखा बोलेल काय?

हे सारे दवाखान्यात राहील ह्या भ्रमात कोणी राहू नये. ॲमेझॉनला ऑक्टोबर २०१८ मध्ये अमेरिकेत एक पेटंट मिळाले. बोलणाऱ्याच्या आवाजातला खोकला, सर्दी, मनाची अवस्था ओळखून त्यानुसार त्याला सुचवावे, अशी त्यातली कल्पना. उदाहरणात कोंबडीचे सूप आहे आणि खोकल्याच्या गोळ्या आहेत. पेटंट म्हणजे प्रत्यक्ष वस्तू नव्हे, पण इच्छा कोणत्या दिशेने धावते ते त्यातून कळते. आपल्याकडच्या कायद्याची गत अशी: २०११ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत जैवमितीच्या व्याख्येत ‘आवाजाचे नमुने’ नाव घेऊन नोंदले होते आणि ‘संवेदनशील वैयक्तिक माहिती’ म्हणून त्यांची वेगळी वर्गवारी होती. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात संवेदनशील असा वर्गच ठेवलेला नाही. तुमचा पत्ता आणि तुमच्या आवाजातला कंप, दोन्ही सारख्याच प्रतीची माहिती. विमा कंपनीला ह्यातले कोणते अधिक हवे असेल?

सर्वांत वजनदार प्रतिवाद अंतराचा आहे, आणि त्याला बगल देणे अप्रामाणिकपणाचे होईल. भामरागडहून किंवा अक्राणीहून मेंदुविकारतज्ज्ञाकडे जायचे म्हणजे दिवस मोडतो, मजुरी बुडते, सोबतीला माणूस लागतो. अशा रुग्णाचा ‘आ’ जर शहरात पोचत असेल, तर पुण्यामुंबईत बसून काव्यशास्त्र सांगणाऱ्या आम्ही त्याला आडकाठी करावी काय? आमचे उत्तर असे: जी तार ‘आ’ वाहून नेते, ती वाक्यही वाहून नेते. २०१९ पासून ‘ई-संजीवनी’ आहे. मार्च २०२० च्या टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक तत्त्वांनी फोनवरून सल्ला देण्याला स्पष्ट मान्यता दिली आहे. अडचण तारेची नाही. वाक्य आले की ते ऐकायला माणूस बसवावा लागतो, त्याला पावरी किंवा माडिया यावी लागते किंवा ती येणारा सोबत घ्यावा लागतो, आणि त्याला वेळ द्यावा लागतो. ‘आ’ला ह्यातले काही लागत नाही. तो भाषातीत आहे ह्या कौतुकाचा खरा अर्थ हा, की डॉक्टरला रुग्णाची भाषा शिकण्यातून सूट मिळाली.

गडचिरोलीतच ह्याच्या उलटे उदाहरण आहे. राणी आणि अभय बंग ह्यांनी दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांच्या पाहणीत ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग असल्याचे १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये जगाला दाखवले. तोवर हे दुखणे कोणाच्या नोंदीत नव्हते. तपासण्या तर त्यांनी केल्याच. पण बायका आपल्या शरीराबद्दल काय म्हणतात, कोणत्या शब्दांत म्हणतात, काय म्हणत नाहीत, हेही त्यांनी ऐकले, आणि राणी बंग ह्यांनी त्यावर पुस्तक लिहिले त्याचे नाव ‘कानोसा’. हा शब्द आमच्या वैद्यकीय तंत्रज्ञांनी एकदा कोशात पाहावा. कानोसा घेणाराला जवळ जावे लागते, स्वतः गप्प राहावे लागते, आणि जे ऐकू आले त्याचा अर्थ आपल्याला पुरता कळला नसेल ही धाकधूक बाळगावी लागते. यंत्राला धाकधूक नसते, ते टक्केवारी देते.

आमच्या मागण्या अवास्तव नाहीत. ‘आ’ घ्यायचा तर घ्या; त्यापाठोपाठ ‘आज काय होतंय’ एवढे विचारा, उत्तर रुग्णाच्याच शब्दांत उतरवा, आणि यंत्र व रुग्ण ह्यांचे जमले नाही तर रुग्णाला फोन करा. त्याच्या आवाजावरून निघालेला आकडा सर्वांआधी त्याला दाखवा. त्याला एखाद्या दिवशी गप्प राहायचे असेल तर त्या दिवशीची जागा सरळ रेघेने भरू नका, कोरी ठेवा. ह्यातल्या प्रत्येक गोष्टीला दुसऱ्या टोकाला एक माणूस लागेल, त्याला भाषा यावी लागेल आणि घाई नसावी लागेल. दूरस्थ आरोग्याच्या योजनांची अंदाजपत्रके आता गावोगाव मांडली जात आहेत. त्यांत यंत्राचा, ॲपचा, सर्व्हरचा खर्च असतो. ऐकणाऱ्याचा पगार कोणत्या रकान्यात आहे, तेवढे आम्हांला दाखवा.